सहा आठवड्यांची प्रजा

बडोद्यातल्या जुन्या मराठी माणसाला साल विचारलं की साल मिळत नाही, कारकीर्द मिळते. "हा वाडा कधीचा हो?" "खंडेरावांच्या वेळचा." "ही विहीर?" "महाराजांच्या वेळची." "आणि रस्त्यातला हा खड्डा?" "तो नंतरचा." बस्स. बडोद्याचा सगळा इतिहास या तीन उत्तरांत मावतो, आणि दांडिया बाजारातले आमचे नाना तो रोज संध्याकाळी सहा ते आठ फुकट शिकवतात. त्यांचं आडनाव सांगत नाही. रावपुऱ्यापासून वाडीपर्यंत दर चार घरांमागे एक नाना आहे, आणि आडनाव छापलं तर उरलेले सगळे रुसतील.

नानांचा जन्म २० मार्च १९४९चा. बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मे १९४९ रोजी. म्हणजे नाना बडोदा सरकारची प्रजा होते ते मोजून सहा आठवडे. त्यातला बराच वेळ त्यांनी झोपण्यात आणि उरलेला रडण्यात घालवला असणार, कारण त्या वयात प्रजेला दुसरं काम नसतं. पण तेवढ्या मुदतीत गादीवर त्यांची जी निष्ठा जडली ती पाऊणशे वर्षांत तसूभर हललेली नाही. "आम्ही संस्थानी," असं ते म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ कालपरवापर्यंत हुजूर कचेरीत फायली घेऊन बसत होते.

नानांच्या तोंडी 'महाराज' म्हणजे एकच. बाकीच्या गायकवाडांना नाव लावावं लागतं. हे नुसते महाराज. सयाजीराव तिसरे १९३९ च्या फेब्रुवारीत वारले, म्हणजे नानांच्या जन्माआधी दहा वर्षं. पण नाना त्यांच्याबद्दल बोलतात ते सदैव प्रथमपुरुषी अनेकवचनात. "१८९२ साली आम्ही आजव्याचं पाणी शहरात आणलं." "१९०६ साली आम्ही प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात सक्तीचं केलं, आणि त्याआधी १८९३ ला अमरेलीत करून बघितलं. आम्ही एकदम काही करत नाही." "१९०८ ला बँक काढली." "१९११ ला दिल्ली दरबारात पंचम जॉर्जला आम्ही एकदा मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागलो. इंग्लंडच्या पेपरांत केवढा गहजब!" हे सांगताना नाना खरोखरच अर्धवट वळून दाखवतात. ओट्यावर जागा कमी असल्यामुळे एकदा त्यात चहाचा कप गेला.

हा 'आम्ही' कुठे थांबतो ते मात्र ऐकण्यासारखं आहे. १९१३ साली डॉक्टर आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती 'आम्ही'. १९१७ साली तेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा त्यांना राहायला कुणी खोली देईना, पारशांच्या धर्मशाळेत खोटं नाव सांगून राहिले तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि शेवटी कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. हे सगळं करणारे 'लोक'. "त्या वेळचे लोक असेच होते," नाना म्हणतात. त्या वेळचं पाणी आपलं, बँक आपली, ग्रंथालयं आपली, लोक मात्र दुसऱ्या कुणाचे. मी एकदा विचारलं, "नाना, खोली नाकारणारे राहत कुठे होते?" नानांनी चष्मा पुसायला घेतला, आणि त्या दिवशी इतिहासाचा तास सातलाच सुटला.

काळाचे तुकडे पाडणारी माणसं सगळीकडे असतात. पण बडोद्याच्या मराठी माणसाला या कामी परिस्थितीचीही मदत झाली. त्याच्या घरात नवीन वर्ष दोनदा येतं. चैत्रात गुढी उभारून एकदा, आणि दिवाळीच्या पाडव्याला शेजारचे पटेल पेढे घेऊन 'साल मुबारक' म्हणत दारात उभे राहतात तेव्हा पुन्हा. भिंतीवर एका कॅलेंडरात शक, दुसऱ्यात विक्रम संवत, आणि दोहोंत एकशे चौतीस-पस्तीस वर्षांचं अंतर. यात पूर्वी संस्थानचं सरकारी साल आणखी वेगळं होतं. ते १ ऑगस्टला सुरू व्हायचं आणि ३१ जुलैला संपायचं. इतक्या सालांत वाढलेल्या माणसाने साल या वस्तूवरचा विश्वासच काढून घेतला आणि राजे मोजायला घेतले, तर त्यात त्याचा काय दोष?

घरातला कारभारही नाना कारकिर्दींतच मोजतात. मुलाने हप्त्यावर भिंतीएवढा टीव्ही आणला तेव्हा ते म्हणाले, "मल्हारराव काळ सुरू झाला." मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवून घेतल्या होत्या आणि १८७५ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं, एवढं माहीत असलेल्या माणसालाच यातला टोमणा कळतो. मुलाला तो कळला, कारण लहानपणापासून त्याने दुसरं काही ऐकलेलं नाही. पुढे टीव्हीच्या हप्त्यांसाठी नानांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, घरखर्चाला कात्री लावली, त्याला नाव पडलं 'माधवराव दिवाणांचा कारभार'. महाराज लहान असताना सर टी. माधवरावांनी रिकामा खजिना सावरला होता ना, तसं. काकूंना ही उपमा मान्य नाही. "दिवाणाला पगार असतो," त्या म्हणतात.

नाना स्वतः नोकरीला लागले १९७१ साली, बँक ऑफ बरोडात. दोन वर्षांपूर्वी, १९६९च्या जुलैत बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, त्यामुळे कागदोपत्री मालक भारत सरकार. नानांच्या लेखी ती महाराजांनी काढलेली बँक, तेव्हा आपण महाराजांच्या चाकरीत. या एका समजुतीवर त्यांनी अडतीस वर्षं काढली आणि ती सुखाने काढली, हे कबूल केलं पाहिजे. बदल्यांचं प्रकरण तर याहून मजेचं. पहिली बदली अमरेलीला झाली. बायको पोटुशी, घरात आई आजारी, आणि बदली थेट सौराष्ट्रात. दुसरा कुणी वरिष्ठांच्या पाया पडला असता. नाना आनंदाने गेले: "आपल्याच मुलखात चाललोय." अमरेली गायकवाडी प्रांत होता ना! पुढे पेटलाद झालं. तेही गायकवाडी. मग नवसारी, गायकवाडी. शेवटी सुरतेची ऑर्डर आली आणि घरात सुतक पडलं. सुरत इंग्रजी अमलातली! नवसारी सुरतेच्याही तीसेक किलोमीटर पुढे आहे, पण तिथली तीन वर्षं नानांच्या आठवणीत 'घरी होतो' या सदरात मोडतात आणि सुरतेची दोन 'परदेशी होतो' या सदरात. सुरतेत असताना दर शनिवारी रात्री ते बडोद्याच्या गाडीत बसत, आणि भरूच मागे पडून गाडी एकदाची मियागावला पोहोचली की डबा उघडत. परमुलखात त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

आता क्रिकेट. क्रिकेट काढल्याशिवाय बडोद्याच्या माणसाचं व्यक्तिचित्र पुरं होऊ शकत नाही. १९४७ साली बडोद्यातच झालेल्या रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९. नाना तेव्हा जन्मालाही आले नव्हते. तरी ती भागी ते चेंडूगणिक सांगतात, ऊन कुठल्या बाजूने होतं त्यासकट. जगातल्या कुठल्याही विकेटची सगळ्यात मोठी भागी म्हणून हा विक्रम एकोणसाठ वर्षं टिकला. २००६च्या जुलैत कोलंबोला संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या त्या दिवशी नाना ओट्यावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "हजाऱ्यांचा काळ संपला." मग थोडं थांबून, "चौथ्या विकेटचा मात्र अजून आपलाच आहे."

१९५९ साल त्यांच्या इतिहासात नाहीच. त्या वर्षी भारताचा संघ इंग्लंडला गेला होता. कर्णधार बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड, व्यवस्थापक खुद्द फत्तेसिंगराव महाराज, आणि निकाल पाचपैकी पाच कसोट्यांत पराभव. नानांना १९५८ साल आठवतं, त्या हंगामात बडोद्याने रणजी जिंकली होती म्हणून. १९६० तर विसरूच शकत नाहीत. मधलं साल विचारलं की म्हणतात, "मी लहान होतो." वय वर्षं दहा. सहा आठवड्यांचे असतानाचं संस्थान आठवतं आणि दहाव्या वर्षीची कसोटी मालिका आठवत नाही, अशी ही स्मरणशक्ती.

१९६० न विसरण्याचं कारण १ मे. १९४९च्या १ मेला संस्थान गेलं, आणि बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन बडोदं गुजरातेत आलं. त्या दिवशी मुंबई-पुण्याकडचे मराठी लोक पेढे वाटत होते आणि दांडिया बाजारातले मराठी लोक विचार करत होते, की आता आपण नेमके कोण. दर १ मेला सांगलीहून नानांच्या मेहुण्याचा 'महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा' म्हणून फोन येतो, आणि बँकेतले जुने सहकारी शाह 'गुजरात स्थापना दिवसनी शुभकामना' कळवतात. नाना दोघांनाही "चालेल, चालेल" म्हणून फोन ठेवतात आणि त्या दिवशी गोडाचं करू देत नाहीत.

त्यातल्या त्यात समाधान एका गोष्टीचं. विद्यापीठ स्थापन झालं ३० एप्रिल १९४९ला. विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी! "बघितलंत? जाता जाता शेवटचं काम काय केलं तर विद्यापीठ. एक दिवस उशीर झाला असता तर मुंबईला विचारावं लागलं असतं." हे नाना असं सांगतात, की ३० एप्रिलला रात्री कंदील धरून कुणीतरी त्यांनाच सही करायला उठवलं होतं. हे श्रेय महाराजांच्या नंतर गादीवर आलेल्या प्रतापसिंहरावांच्या कारकिर्दीतलं, आणि नानांचे स्वतःचे सहा आठवडेही त्यांच्याच कारकिर्दीतले. पण त्या कारकिर्दीबद्दल ते फारसं बोलत नाहीत. ज्या काळात माणूस प्रत्यक्ष होता त्या काळाचं त्याला कौतुक कमी असतं.

नानांच्या 'चांगल्या काळा'ची अखेरची तारीख मी एकदा काढायला बसलो होतो. त्यांचंच बोलणं जमेला धरून. भजी चांगली मिळायची कधीपर्यंत? लँब्रेटा होती तोवर. सूरसागरावर वारा कधीपर्यंत होता? त्याच सुमारापर्यंत. नाटकं? त्याच सुमारापर्यंत. माणसं एकमेकांकडे न कळवता जायची? तेव्हाच. सगळे धागे १९८०च्या आसपास येऊन तुटत होते. १९८० साली काय झालं? महाराज तर केव्हाच गेले होते. कोयलीची रिफायनरी पासष्टची, तिच्यामागोमाग आलेल्या कारखान्यांनाही तोवर बरीच वर्षं झालेली. शेवटी काकूंनी सांगितलं: "त्या वर्षी घरासाठी कर्ज काढलं. पगारातून पहिला हप्ता तेव्हा कापला गेला." मानसशास्त्रवाले म्हणतात, की उतारवयात माणसाला आपल्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानचं सगळ्यात जास्त आठवतं. नाना १९८० साली एकतीस वर्षांचे होते. बडोद्याचा सुवर्णकाळ बुडाला तो असा, नियमाला धरून आणि बँकेच्या व्याजदराने.

काकूंचा कालक्रम वेगळाच. त्यांना राजे पाठ नाहीत आणि पाठ करायची इच्छा नाही. त्या सांगलीच्या. लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा नानांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना न्यायमंदिर, कीर्तिमंदिर आणि काळा घोडा दाखवला, आणि सासूबाईंनी स्वयंपाकघर. लक्षात राहिलं ते स्वयंपाकघर. त्यांच्या गोष्टी सुरू होतात त्या 'सासूबाई होत्या तेव्हा', 'धाकटीच्या वेळेला', 'गॅस आला त्या वर्षी', 'नळ आत घेतला तेव्हा' अशा. नानांना हे कालमापन फुसकं वाटतं. एकदा ते तसं बोलून गेले. काकू पोळ्या लाटत होत्या, त्यांनी लाटणं न थांबवता सांगितलं, "तुमचं राज्य एकोणपन्नास साली गेलं. माझं सासूबाई गेल्यावर आलं आणि सून आल्यावर गेलं. सोळा वर्षं झालं. तुमच्या प्रतापसिंहरावांना बाराच मिळाली ना?"

नाना गप्प. कारण आकडा बरोबर होता. १९३९ ते १९५१.

माझ्या मते खरी इतिहासकार बाई ती. राज्य बदललं म्हणून दांडिया बाजारात कुणाची चूल बदलली नाही. १ मे १९४९ला दूध तेच, भाजीवाली तीच, पाणी आजव्याचंच. बदललं ते पाकिटावरचं सरकारचं नाव. उलट गॅस आला त्या दिवशी काकूंच्या दिवसाला दोन तास वाढले. कोणत्या घटनेने आयुष्याचे दोन भाग पडतात? नॉर्मन ब्राउन नावाच्या कॅनडातल्या एका मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर मुद्दाम अभ्यास केला. निरनिराळ्या देशांतल्या लोकांना त्यांच्या साध्यासुध्या घरगुती आठवणींचा काळ ठरवायला सांगितला. बोस्नियातले लोक 'लढाईच्या आधी', 'लढाईत' असं म्हणत होते, तुर्कस्तानात भूकंप झालेल्या गावातले भूकंपावरून मोजत होते. न्यूयॉर्कचे लोक मात्र आपल्या आठवणी मनोरे पडले त्या दिवसावरून मोजत नव्हते. जगाच्या दृष्टीने घटना केवढी, यावर काही नसतं. रोजचं उठणं-बसणं किती उलथलं, यावर असतं. काकूंनी हे लाटण्याने सांगितलं, एवढाच फरक.

याचा पुरावा विश्वामित्रीने दोनदा आणून दिला. वाडा बिल्डरकडे गेल्यावर नाना-काकू मुलाकडे समा भागात राहायला गेले. ("राजधानी हलवली," नाना म्हणाले. रोज संध्याकाळी रिक्षाने जुन्या राजधानीत येतात ते त्यामुळेच.) सोसायटीतलं टेनामेंट, तळमजल्यावर हॉल आणि स्वयंपाकघर, समोर बाग, आणि मागे काही अंतरावर नदी, जी आठ महिने कुणाच्या लक्षातही येत नाही. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला. पाणी हॉलमध्ये आलं, फ्रिज तरंगला, सोफा गेला, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर मगरीचे व्हिडिओ फिरायला लागले. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकराला माहीत असतं. त्या आपल्या रस्त्याने येतील हे माहीत नसतं. सगळं घर वरच्या मजल्यावर मेणबत्तीत बसलेलं, आणि नाना एकदम उजळले. "आज तारीख काय? ३१ जुलै! संस्थानी सालाचा शेवटचा दिवस! साल बुडालं बघा!" सून गुजराती आहे, सोशिक आहे. तिने फक्त वर बघितलं.

तेव्हापासून त्या घरात 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असे दोन काळ पडले आणि पाच वर्षं सुरळीत चालले. जुना फ्रिज पुराच्या आधीचा, नवा नंतरचा. वाद नाही. मग २०२४च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्री पंचवीस फुटांची धोक्याची खूण ओलांडून पस्तीस फुटांच्याही वर चढली आणि नवा फ्रिजही गेला. आता तिसरा आहे. आणि आता त्या घरात कुणालाच काही नीट सांगता येत नाही.

"वॉरंटीचा कागद पुराच्या आधी मी कपाटात ठेवला होता," मुलगा म्हणतो.

"कया पूर पहेलां?" सून विचारते.

"अरे, छोट्या पुराच्या."

"छोटा कोणता? आपल्या घरात तर पहिलाच मोठा होता ने!"

"सत्तावीसचा पूर कुणी बघितलाय?" हा आवाज झोपाळ्यावरून येतो. १९२७ साली बडोद्यात मोठा पूर आला होता. नानांनी तो अर्थातच बघितलेला नाही, त्यांच्या वडिलांनी बघितला होता. पण नानांच्या मते पूर म्हणजे तो. बाकीचे 'पाणी भरलं होतं'. वॉरंटीचा कागद अजून सापडलेला नाही.

नातू तेरा वर्षांचा आहे. तो या कुठल्याच पक्षात नाही. त्याचं कालगणन मी ऐकलं तेव्हा नानांच्या घराण्याची मला काळजी उरली नाही. तो हार्दिक पंड्यावरून मोजतो. हार्दिक बडोद्याचा, म्हणून आपला. "आपण फोर्थमध्ये होतो ते हार्दिक गुजरातला होता तेव्हा ने? आणि मी सायकल घेतली ती तो परत मुंबईला गेल्यावर." त्याचे तीन खंड आहेत: मुंबईचा पहिला काळ, गुजरातचा काळ आणि मुंबईचा दुसरा काळ. झोपाळा थांबला. नानांनी नातवाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आधी मुंबईत, मग गुजरातेत. आमचंही तसंच झालं." पंड्याला परत मुंबईला जाता आलं, नानांना आलं नाही, एवढाच फरक. नातवाला त्यांनी दुसऱ्या दिवशी दुलीरामचे पेढे आणून दिले. कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही.

मध्यंतरी नाना-काकूंचा मुलीकडे न्यू जर्सीला जायचा बेत ठरला आणि पासपोर्टचा प्रश्न आला. एजंटाने संगणकावर अर्ज उघडला. पटेल मुलगा, शांत स्वभावाचा. जन्मतारीख झाली, गाव झालं. मग जन्माचं राज्य.

"काका, गुजरात लखी दउं?"

"एकोणपन्नास साली गुजरात राज्य कुठे होतं?"

"तो मुंबई राज्य?"

"ते १ मेपासून. माझा जन्म २० मार्चचा. लिहा, बडोदा संस्थान."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत दाखवली. अंदमान होतं, लक्षद्वीप होतं, बडोदा संस्थान नव्हतं. नानांनी त्याला पाऊण तास समजावून सांगितलं की घराचा उंबरठा न ओलांडता माणूस अकरा वर्षांत तीन राज्यांत कसा राहू शकतो. पटेलला ते पटलंही. मागे रांग वाढत होती. त्याने नम्रपणे विचारलं, "काका, पण मी दाबू काय?" शेवटी काकूंनी पुढे होऊन सांगितलं, "गुजरात दाब रे बाबा." आणि त्याने दाबलं. घरी येताना रिक्षात नाना म्हणाले, "दुसऱ्यांदा विलीन झालो."

अमेरिकेत दोन महिने राहून ते परत आले. आता त्या दोन महिन्यांचाही एक काळ झाला आहे. "आम्ही एडिसनला असताना," असं ओट्यावर सुरू होतं, आणि 'आम्ही कचरा रस्त्यावर टाकत नसू' असं पुढे जातं.

२०१८च्या फेब्रुवारीत एक्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं, तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. मंडपाच्या दारात स्वयंसेवक मुलगी पाहुण्यांना माहिती देत होती, की बडोद्यात हे चौथं संमेलन. नानांनी तिला बाजूला घेतलं. "आधीची तीन कधी झाली?" तिला माहीत नव्हतं. "१९०९, कीर्तिकर. १९२१, नरसिंह चिंतामण केळकर. १९३४, चापेकर." मुलगी थक्क. "काका, तुम्ही तिन्ही अटेंड केलीत?" चौतीसच्या संमेलनाला नाना जन्माला यायला पंधरा वर्षं अवकाश होता. पण ते म्हणाले, "आमच्या वेळी तिकडची व्यवस्था चांगली होती." त्या संध्याकाळी मंडपातल्या इतर कुठल्याही वक्त्याइतक्याच आदराने त्या मुलीने त्यांना चहा आणून दिला. नाना खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबात 'आमची वेळ' १८८१च्या डिसेंबरात, महाराजांनी कारभार हाती घेतला त्या दिवशी सुरू होते, आणि गृहकर्जाचा पहिला हप्ता कापला जाईपर्यंत चालते. मध्ये आपला जन्म झाला ही किरकोळ नोंद.

त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मीही त्यात आहे. पण न्यायमंदिरातली न्यायालयं २०१८ साली नव्या इमारतीत हलली तेव्हा ती कशी, केव्हा आणि कुणाच्या वेळी तिथे आली होती हे विचारायला एका वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार शेवटी या ओट्यावरच आला होता. १८९६ साली उद्घाटन झालं, हे त्याला नानांनी खिशातून काढून दिल्यासारखं सांगितलं. त्याने जाता जाता विचारलं, "आणि काका, तुमचं लग्न कधी झालं?" नाना म्हणाले, "फत्तेसिंगरावांच्या वेळी."

तर बडोद्याला आलात, दांडिया बाजारात एखादे नाना भेटले, तर १९४९च्या आधीची कुठलीही तारीख त्यांना बेधडक विचारा. मी ग्रंथालयात जाऊन पडताळून बघितल्या आहेत, एकही चुकत नाही. १९४९नंतरची हवी असेल तर काकूंना विचारा.